दहा वर्षांच्या मुलीला कर्तृत्ववान स्त्रियांची चरित्रं कशी द्यावीत? ती म्हणते "सगळ्या सारख्याच"

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत, वाचायची आवड आहे, पण कर्तृत्ववान स्त्रियांच्या चरित्रांचा जो सेट आणलात त्यातली दोन पुस्तकं तिने चार-चार पानं वाचून ठेवून दिली आणि म्हणाली "आई, या सगळ्या सारख्याच आहेत गं". वर 8 मार्चला शाळेत भाषण आहे. तर कुठली पुस्तकं द्यावीत आणि गोडी कशी लावावी.

पहिली गोष्ट, तिला रागावू नका, ती बरोबर बोलतीये.

मी मिरजेत एका जुन्या वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत मुलांचं वाचनालय चालवते, बावीस वर्षं झाली. त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि मधली काही वर्षं मुलांसाठीच्या चरित्रांच्या छोट्या पुस्तकांचं संपादनही केलंय, म्हणजे या पापात माझाही वाटा आहे. कुठलंही पुस्तक उघडा. अमुक साली अमुक गावी एका गरीब पण सुसंस्कृत घराण्यात जन्म, लहानपणापासूनच हुशार आणि चुणचुणीत, मग समाजाचा प्रखर विरोध, मग "पण त्या डगमगल्या नाहीत", मग पुरस्कारांची यादी, मग प्राणज्योत मालवली, मग कोटी कोटी प्रणाम. नाव बदला, मुखपृष्ठावरचा फोटो बदला, आतला मजकूर तसाच चालतो. मोठ्यांना हे लक्षात येत नाही कारण आपण एकच वाचतो आणि तेही मुलाला देण्याआधी चाळतो. मुलं ओळीने पाच वाचतात, त्यांना लगेच कळतं.

काही वर्षांपूर्वी 3 जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, आम्ही वाचनालयात एकपात्री स्पर्धा ठेवली होती. सतरा मुली आल्या, त्यातल्या अकरा सावित्रीबाई. अकराच्या अकरा जणी नऊवारी, कपाळावर आडवी चिरी, हातात पुस्तक आणि सुरुवात "होय, मी सावित्री बोलतेय". सगळ्यांच्या आयांनी एकाच व्हॉट्सअॅप मेसेजवरून पाठ करून घेतलेलं, त्यामुळे चौथी मुलगी मध्येच अडकली तेव्हा रांगेत उभी असलेली सातवी तिला पुढचं वाक्य सांगायला लागली. आम्ही सगळे हसलो. पण शेवटी बसलेला एक तिसरीतला मुलगा, जो फक्त बहिणीबरोबर आला होता, त्याने मला विचारलं, "काकू, शेण कोण मारत होतं? त्यांची नावं काय होती?" मला सांगता येईना. अकरा सावित्री झाल्या पण शेण फेकणारा एकही माणूस आम्हाला दिसला नव्हता. तो पोस्टमन होता का, पूजेला निघालेला शेजारी होता का, ज्याच्या घरची मुलगी त्याच वयाची होती असा कुणी बाप होता का. समाज म्हणजे नुसता एक काळा ढग. ढगाशी झालेल्या भांडणात मुलांना काय मजा येणार?

तेव्हापासून माझी एक सवय आहे, दुकानात चरित्र हातात घेतलं की पहिलं पान वाचायचंच नाही. मधलं कुठलंही उघडते आणि बघते की पैसे कुठून आले ते लिहिलंय का. बोटीचं तिकीट, शाळेचं भाडं, वकिलाची फी, काहीतरी. मग बघते घरातलं कोण विरोधात होतं, नावानिशी. आणि मग बाईला कुठं जमलं नाही, कुठं चुकलं, कुठं हरली ते आहे का. या तिन्हीतलं एक जरी सापडलं तरी घेते. तीनही सापडलं तर दोन प्रती घेते कारण एक नक्की परत येत नाही.

आता नुसतं हे सांगून उपयोग नाही, म्हणून मी मुलांना ज्या बायकांबद्दल सांगते आणि जिथून सुरुवात करते ते सांगते.

माझी हमखास चालणारी बाई म्हणजे कमला सोहोनी. माहेरच्या कमला भागवत. जन्म 1911, पण जन्मापासून सुरू करायचं नाही, बटाट्यापासून करायचं. मी खरोखर टेबलावर एक बटाटा ठेवते. विचारते हा जिवंत आहे का? निम्मी मुलं नाही म्हणतात, मग कुणीतरी म्हणतं की आमच्या घरी टोपलीत त्याला कोंब येतात, मग वाद होतो, आणि वाद पेटला की सांगते की केंब्रिजमध्ये एक मराठी मुलगी बटाट्यावर काम करत होती आणि प्राण्यांच्या पेशीत श्वसनासाठी लागणारं सायटोक्रोम सी नावाचं जे प्रथिन असतं ते वनस्पतीतही असतं हे तिने दाखवलं. म्हणजे बटाटापण श्वास घेतो, आणि बऱ्याचशा त्याच यंत्रणेने घेतो ज्याने तू घेतोस. चौदा महिन्यांत काम झालं, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा, 1939 साली पीएचडी. चाळीस पानं हे ऐकून पोरं फार खूश होतात, कारण त्यांना प्रोजेक्ट म्हणजे जाडजूड फाईल वाटते.

मग मागे जायचं. 1933 साली ही मुलगी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पहिली येऊन बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज करते आणि तिथले संचालक नाही म्हणतात, कारण मुलगी. संचालक कोण? सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. इथे वर्गात शांतता होते, दरवेळी होते. एकदा एक मुलगा म्हणाला, "पण ते तर आमच्या विज्ञान दिनाचे आहेत ना?" हो, तेच. कमलाबाईंनी सत्याग्रहाची धमकी देऊन प्रवेश मिळवला पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्री काम करावं लागेल, आणि मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही. ही शेवटची अट वाचून दाखवली की सहावी-सातवीच्या मुली ज्या चेहऱ्याने एकमेकींकडे बघतात ना, तो चेहरा मला कुठल्याच प्रेरणादायी पुस्तकाने मिळवून दिलेला नाही. वर्षभरानंतर रामनांनी तिचं काम बघून प्रवेश नियमित केला आणि पुढे मुलींना घ्यायला सुरुवात केली. कमलाबाईंनी मात्र तो अपमान विसरल्याचं नाटक केलं नाही, म्हातारपणी जाहीरपणे बोलून दाखवला. नोबेलवाला मोठा शास्त्रज्ञ आणि या बाबतीत संकुचित, दोन्ही एकाच माणसात, हे दहा वर्षांच्या पोराला अगदी नीट समजतं, त्याच्याही वर्गात असे सर असतात.

जाता जाता, दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या सख्ख्या मोठ्या बहीण. एका घरातली एक पोरगी बटाट्यात घुसली आणि दुसरी लोककथांत, आणि 1975 ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलली. आमच्याकडे दोन बहिणी वाचनालयात येतात ज्यांचं सतत भांडण असतं, त्यांना मी ही जोडी मुद्दाम एकत्र देते.

रखमाबाईंचं चरित्र पाचवीला देऊ का असं बऱ्याच आया विचारतात, कारण त्यात लग्नाचं प्रकरण आहे. द्या. मुलं कोर्टकचेरीला घाबरत नाहीत, उलट त्यांना न्यायाची फार हौस असते. अकरा वर्षांच्या मुलीचं एकोणीस वर्षांच्या दादाजीशी लग्न लागतं, ती माहेरीच राहते, आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन, घरात पुस्तकं. मोठी झाल्यावर ती म्हणते मी नांदायला जाणार नाही, लग्न झालं तेव्हा मला काही कळत नव्हतं. 1884 ला दादाजी मुंबई हायकोर्टात दावा लावतो. 1885 ला न्यायमूर्ती पिन्ही तिच्या बाजूने निकाल देतात, मग अपील, आणि 1887 ला न्यायमूर्ती फॅरन सांगतात की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणते तुरुंग.

इथं मी थांबते आणि मतदान घेते. तुम्ही असता तर? गेल्या वर्षी एक चौथीतली मुलगी उठून म्हणाली की मी गेले असते पण जाऊन त्याच्याशी बोललेच नसते. मी अजून त्यावर विचार करतीये.

पुढे 1888 ला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, बाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले. आणि विरोधात कोण होतं? ढग नव्हता, लोकमान्य टिळक होते, केसरीतून. आपल्या बऱ्याच बालचरित्रांत हे गाळलेलं असतं कारण पुढच्याच पुस्तकात टिळक नायक असतात. अहो असू देत की. मुलांना सांगा की स्वराज्यासाठी तुरुंगात जाणारा माणूस या प्रश्नावर पलीकडच्या बाजूला उभा होता. त्याने टिळक लहान होत नाहीत आणि रखमाबाई मात्र खऱ्या होतात, कारण त्यांना कुणा रस्त्यावरच्या टवाळाशी नव्हे तर त्या काळच्या सगळ्यात तल्लख लेखणीशी सामना करायचा होता. आणि अजून एक, दादाजी 1904 साली वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला आयुष्यभर नाही म्हटलं त्याच्यासाठी. का? मुलं विचारतात. मी म्हणते तुम्हाला काय वाटतं ते सांगा. एका चरित्रात असा एक तरी प्रश्न शिल्लक राहायला हवा ज्याचं उत्तर मागच्या पानावर उलटं छापलेलं नसतं.

आनंदीबाई जोशींबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिथं मी स्वतः तोंडावर आपटलीये. सुरुवातीच्या वर्षांत मी सांगायचे, आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि त्यांनी भारतात येऊन स्त्रियांची सेवा केली. सवयीने तोंडातून जायचं. एकदा सहावीतल्या मुलीने हात वर करून विचारलं, "काकू, त्या 1886 ला पास झाल्या आणि फेब्रुवारी 1887 ला गेल्या, मग सेवा कधी केली?" तिने माझ्याच फळ्यावरची सालं वजा केली होती. खरं तेच आहे. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक, पण परत आल्या त्या क्षयाने पोखरलेल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. एकही दिवस दवाखाना चालवला नाही. हे सांगितल्यावर गोष्ट कमकुवत होईल अशी मला भीती होती. झालं उलटंच, त्या मुलीने ते पुस्तक तीनदा नेलं.

आनंदीची गोष्ट मी कल्याणपासून नाही, न्यू जर्सीतल्या एका दातांच्या डॉक्टरपासून सुरू करते. थिओडिसिया कारपेंटर नावाची बाई दात दाखवायला गेली, नंबर यायचा होता, म्हणून तिथलं मासिक चाळत बसली आणि त्यात गोपाळराव जोशी नावाच्या कुणा हिंदुस्थानी कारकुनाचं पत्र छापलेलं होतं, माझ्या बायकोला शिकायचंय म्हणून. तिने घरी येऊन पत्र लिहिलं. सगळं तिथून. दात दुखला नसता तर? पोरांना हे असलं फार आवडतं, आणि ते खरंही आहे, माणसांच्या आयुष्यात निर्धाराइतकाच हा दाढदुखीचाही भाग असतो, तो आपण चरित्रातून काढून टाकतो आणि मग उरतो तो नुसता निर्धार, जो मुलांना स्वतःमध्ये सापडत नाही म्हणून ती पुस्तक मिटतात. पैशाचंही सांगते, सोन्याच्या बांगड्या विकून तिकिटाचे पैसे उभे राहिले. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली तेव्हा पोरगी अठरा वर्षांची आणि नवरा बरोबर नाही. नऊवारीत पाय उघडे पडतात आणि तिकडची थंडी सोसत नाही म्हणून तिथं तिने गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली, आणि तेवढं सुद्धा तिला नवऱ्याला पत्रातून समजावून सांगावं लागलं.

गोपाळरावांचं काय करायचं हा प्रश्न तुम्हालाही पडेल. नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करणारा, तिला अभ्यासासाठी मारणारा, आणि तिला समुद्रापार पाठवणारा, हा एकच माणूस आहे. एका शाळेत मला कार्यक्रमाला बोलावलं होतं आणि आधी फोन करून सांगितलं की मारण्याचा भाग घेऊ नका, पालक नाराज होतात, "सपोर्टिव्ह हजबंड" असंच सांगा. मी तेव्हा ऐकलं, घेतला नाही तो भाग. अजून खटकतं. आता कुणी सांगितलं तर जात नाही. मुलांसमोर सरळ भाषेत सांगते: ते तिला शिकवायचे, आणि मारायचेही, आणि मारणं चूक होतं. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, वैद्यकीय मदत मिळाली नाही. हेही सांगते, आवाज न बदलता. आपण गहिवरलो की मुलं अवघडतात, साध्या सुरात सांगितलं की ती ऐकतात. तिच्या रक्षेचं शेवटचं ठिकाण अमेरिकेत आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात, कारपेंटर कुटुंबाच्या जागेत, म्हणजे दातांच्या दवाखान्यातली ती बाई गोष्टीच्या शेवटीही आहेच.

एक आडवा मुद्दा, "पहिली" या शब्दापासून जरा सांभाळून. भारताची पहिली महिला डॉक्टर कोण यावर आमच्याकडे प्रश्नमंजूषेत हाणामारी झालीये. आनंदीबाईंना पदवी 1886 ला, बंगालच्या कादंबिनी गांगुलींनाही कलकत्त्यात त्याच वर्षी पात्रता मिळाली आणि त्यांनी प्रत्यक्ष व्यवसायही केला, आणि रखमाबाईंच्या पुस्तकावरही कुणीतरी "पहिली" छापून ठेवतं. मग मुलांना वाटतं की पहिली नसेल तर पुस्तक कशाला? दुसरी, तिसरी आणि चारशेवी बाई काय करत होती हे जास्त इंटरेस्टिंग असतं असं माझं मत आहे, पण ते परीक्षेत विचारत नाहीत.

सावित्रीबाईंकडे परत येते, कारण तुमच्या मुलीला भाषणात बहुतेक त्याच येणार. भिडे वाडा, 1848, शेण, जास्तीची साडी, हे तिला माहीतच असेल. त्याऐवजी तिच्या हातात सावित्रीबाईंची पत्रं द्या. जोतीरावांना लिहिलेली तीनच पत्रं आहेत, 1856, 1868 आणि 1877 ची. 1856 च्या पत्रात बाई आजारी पडून माहेरी नायगावला आलेल्या आहेत आणि भावाशी कडाक्याचं भांडण झालंय, भाऊ म्हणतो तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी कामं करता, हे आपल्या कुळाला शोभत नाही. आणि ती त्याला सुनावते. भाऊबहिणीचं भांडण, आई मध्ये बसलेली! हे प्रत्येक मुलीला घरचं वाटतं. त्याच पत्रात शाळेत बरोबर शिकवणाऱ्या फातिमाबद्दल एक ओळ आहे, की माझ्यामागे तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही. मैत्रिणीबद्दल एवढं एकच वाक्य, आणि ती मैत्रीण समोर उभी राहते.

1868 च्या पत्रात तर थरार आहे. पोथी-पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि सारजा नावाची महार मुलगी, प्रेम जमलेलं, तिला दिवस गेलेले, आणि गावकरी दोघांना मारत मारत रस्त्याने नेतायत, जीवच घेणार. बाई धावत जाऊन मध्ये पडतात, इंग्रज सरकारचा कायदा दाखवून गावाला दम देतात, गाव दोघांना हद्दपार करायला कबूल होतं आणि बाई त्यांना जोतीरावांकडे पाठवून देतात. दिवस गेलेले हा भाग तुम्हाला दहा वर्षांच्या मुलीला सांगायचा का ते तुम्ही ठरवा, मी "तिला बाळ होणार होतं" एवढंच म्हणते आणि पुढे जाते, आजपर्यंत कुणी बिचकलं नाहीये. आणि शेवट सांगताना 1897 चा प्लेग, मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यापर्यंत नेणं, आणि 10 मार्चला मृत्यू. यात आपण बलिदान बलिदान करतो, पण मुलं विचारतात तो मुलगा वाचला का. वाचला. तेही सांगा ना, पुस्तकवाले विसरतात.

सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळांमधली एक मुलगी आहे मुक्ता साळवे. तीन वर्षं शिकली आणि चौदाएक वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 1855 ला ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात छापून आला. पोरांना मी एवढंच म्हणते, हा निबंध आहे, शाळेतला, तुम्ही लिहिता तसाच. मग वाचून दाखवते. माझा आवडता विषय, पावसाळ्यातील एक दिवस, हे लिहिणाऱ्या हातांना तो निबंध दिसला की नंतरचे आठवडाभर वाचनालयात जे कागद येतात ते बघायला या कधी.

अनुताई वाघ मात्र मुलांच्या पुस्तकांत कोरड्याठाक होऊन बसल्यात, पद्मश्री आणि अंगणवाडी, संपलं. तेरा वर्षांची असताना लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, इथपर्यंत बाकीच्यांसारखंच. पण पुढे ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि मग 1957 पासून डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर जे झालं ते बघा. वारली आदिवासींची मुलं शाळेत येत नव्हती कारण ती गुरं राखत होती. तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा! गुरं चरतायत, मुलं तिथंच शिकतायत, बिया, पानं, शिंपले हीच साधनं. लहानगी बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात, म्हणून अंगणवाडी. रोज ज्या अंगणवाडीच्या दारावरून जातो तो शब्द कुठून आला हे कळल्यावर मुलांची नजर बदलते. आमच्या इथं एक धनगराचा मुलगा यायचा, त्याने हे ऐकून विचारलं की मेंढ्यांबरोबर पण चालंल का. बरं, तो आता आयटीआयला आहे.

खेळाडूंची चरित्रं घेताना फक्त पदकवाल्या घेऊ नका. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, दुष्काळी पट्टा, 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावायची शर्यत) प्राथमिक फेरीत राष्ट्रीय विक्रम करून फायनल गाठली आणि फायनलमध्ये दहावी आली. दहावी! त्याच्याआधी ट्रॅकवर ऑलिम्पिक फायनलला पोचलेली भारतीय बाई म्हणजे 1984 ची पी. टी. उषा, आणि तिचं कांस्य हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. मी मुलांना घड्याळ देऊन सांगते की बटण दोनदा दाबा शक्य तितक्या पटकन. त्यांचं दहा-पंधरा शतांशाच्या खाली जातच नाही. मग ते गप्प होतात. वर्गात नववा-दहावा नंबर येणारं पोर ललिताचं पुस्तक ज्या प्रेमाने नेतं तसं मेडलवालीचं नेत नाही, आणि वर्गात अशीच मुलं जास्त असतात.

आज हयात असलेल्यांमध्ये अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे घ्या. शाळेत गेलेल्या नाहीत, गावठी बियाणी जपली, पद्मश्री मिळाली. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना हे चरित्र वाटतच नाही, आजी वाटते, आणि घरी जाऊन ती आजीला विचारतात की आपल्याकडं कुठलं बी आहे. एकीने तर वालाच्या बिया आणून दिल्या, त्या वाचनालयाच्या खिडकीवर चढल्यात.

वयाचं विचारलंत तर सहावीनंतर आत्मचरित्रांकडे वळवा. लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" अख्खं देऊ नका, तुम्ही वाचून दाखवा, एकावेळी पाच पानं, रात्री जेवणानंतर. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आहे, ते मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर काय उरतं? पोरं हसून लोळतात, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल हे त्यांचं त्यांनाच कळतं, तुम्हाला काही सांगावं लागत नाही. चरित्रात विनोद असू शकतो हे आपल्या बालसाहित्याला कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे.

आणि मुलग्यांनाही द्या हो ही पुस्तकं. "मुलींसाठी प्रेरणादायी" असं मुखपृष्ठावर छापलं की मुलगे हात लावत नाहीत, मी त्यावर चक्क आमच्या वाचनालयाचं लेबल चिकटवून ते शब्द झाकते. तुम्हाला मुलगा असता तर हा प्रश्न विचारला असता का तुम्ही? राग मानू नका, मलाही मुलगाच आहे आणि मी त्याला हे सगळं बरंच उशिरा दिलं.

आता तो जो सेट आणलाय तो फेकू नका. मुलीला पेन्सिल द्या आणि सांगा की ज्या वाक्यातलं नाव बदलून दुसऱ्या बाईचं टाकलं तरी चालेल ते वाक्य खोड. आमच्याकडे मुलं हा खेळ फार आवडीने खेळतात, एका पुस्तकात अठ्ठेचाळीस पानांतल्या अकरा ओळी उरल्या होत्या. पण त्या अकरा ओळी तिची पोरगी विसरणार नाही असं एक आई मला म्हणाली. आणि ज्या ओळी उरतील त्यांच्याबद्दल तिला प्रश्न पडतील, त्यांची उत्तरं शोधायला मग जाडी पुस्तकं काढा, तुम्ही वाचा, तिला सांगा.

भाषणासाठी बहुतेक शाळा तीन मिनिटं देतात. त्यातली पाऊण मिनिट "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" यात जातात, ते शिक्षकांना लागतंच, राहू द्या. पण त्याच्या पुढचं वाक्य जन्मतारीख नको. तिला खिशातून बटाटा काढू दे. छोटा घ्या, मोठा असला की फ्रॉकचा खिसा फुगतो आणि सगळ्यांना आधीच कळतं.